वकिलाच्या ऑफिसात अशिलांचे मेल केसनुसार कसे लावावेत

मेल अशिलाच्या नावाने लावू नका, केसच्या क्रमांकाने लावा. एकाच अशिलाचा जागेचा दावा चालू असतो, भागीदारीचा करार मसुद्यात असतो आणि मृत्युपत्र करायचं असतं. तिन्हींचे मेल त्याच्या नावाच्या एका फोल्डरमध्ये गेले की सहा महिन्यांनी ते वेगळे काढणं म्हणजे तांदळातले खडे वेचणं. उलट एकाच केसमध्ये अशील, त्याचा भाऊ, त्याचा हिशेबनीस आणि समोरचे वकील असे चौघे लिहीत असतात. या सगळ्यांना जोडणारी गोष्ट एकच, ती म्हणजे केस.

क्रमांक ऑफिसचा स्वतःचा हवा. कोर्टाचा नंबर दाखल झाल्यावर मिळतो, अपिलात बदलतो आणि सल्ल्याच्या कामाला तर मिळतच नाही. एक अक्षर, वर्षाचे दोन आकडे आणि तीन आकडी अनुक्रम पुरे होतात: प्र२५०१४. मधे जागा, कंस, डॅश काही नको. जीमेलचा शोध चौकोनी कंसासारखी चिन्हं धरत नाही आणि अर्ध्या शब्दावरून पूर्ण शब्दही शोधत नाही, म्हणून सलग लिहिलेला एकच शब्द सर्वांत खात्रीचा. सुरुवातीचं अक्षर नसेल तर तोच आकडा रकमेत किंवा फोन नंबरात सापडत राहतो. आकडे देवनागरी की इंग्रजी, हेही पहिल्याच दिवशी ठरवा. अर्ध्या ऑफिसने एक आणि अर्ध्याने दुसरं वापरलं तर शोध अर्धाच लागेल. क्रमांकांची नोंदवही एकाच व्यक्तीकडे ठेवा, नाहीतर दोन केसना एक क्रमांक पडतो.

हा क्रमांक पहिल्याच मेलच्या विषयात घाला. अर्ध्यावर घालू नका: जीमेलमध्ये उत्तर देताना विषय बदलला की नवा धागा (एकाखाली एक जोडलेल्या उत्तरांची साखळी) सुरू होतो आणि आधीचा पत्रव्यवहार मागे राहतो. धागा आधीच चालू असेल तर विषयाला हात न लावता क्रमांक मजकुराच्या शेवटी, सहीच्या वर लिहा. अशील उत्तर देतो तेव्हा खाली तुमचा जुना मजकूर बहुधा येतोच, त्यातून क्रमांकही येतो.

आता जीमेलचा फिल्टर, म्हणजे ठरावीक शब्दाचे मेल ओळखून त्यांना आपोआप लेबल (नावाची चिठ्ठी) लावणारा नियम. शोधपट्टीच्या उजव्या टोकाच्या चिन्हावर क्लिक करा, ‘हे शब्द असलेले’ या चौकटीत क्रमांक लिहा, फिल्टर तयार करा आणि त्या केसचं लेबल निवडा. आधीच आलेल्या मेलनाही लेबल लावण्याचा पर्याय खाली असतो, तो निवडा. एरवी फिल्टर फक्त पुढच्या मेलवर चालतो. ‘इनबॉक्स वगळा’ मात्र निवडू नका. मेल नीट लेबलखाली जाऊन बसतो आणि तारीख उलटेपर्यंत कोणी तो उघडत नाही. अशिलाच्या पत्त्यावरून फिल्टर लावण्याचा मोह होतो. त्याची एकच केस असेल तर ठीक, दोन असतील तर त्या फिल्टरने फक्त ‘वर्गवारी बाकी’ असं लेबल लावावं आणि पुढचं माणसाने पाहावं. अशिलांची एक सवय फिल्टरला हमखास चकवते: नव्या कामासाठी ते जुनाच मेल उघडून ‘रिप्लाय’ करतात. असा मेल आला की त्याला उत्तर न देता नव्या क्रमांकाचा नवा मेल पाठवा आणि पुढचं यावरच लिहा, असं सांगा.

केसच्या लेबलखाली तीनच पोटलेबलं ठेवा: अशील, समोरची बाजू, कोर्ट. सात-आठ केलीत तर महिन्याभरात सगळं पहिल्यातच पडू लागतं. अशिलाशी झालेला गोपनीय पत्रव्यवहार आणि समोरच्या वकिलांचे मेल यांची सरमिसळ तर कधीच नको. उद्या केसचा पत्रव्यवहार कोणाला द्यायची वेळ आली तर गोपनीय मेल चुकून बाहेर जाण्याची वाट तीच.

आउटलुकमध्ये फोल्डर असतात, आणि एक मेल एकाच फोल्डरमध्ये राहतो. दोन केसना लागू होणारा मेल असेल तर त्याची प्रत करा किंवा कॅटेगरी (नाव दिलेली रंगीत खूण) लावा; कॅटेगरी एकाहून जास्त लागतात.

सगळ्यात जास्त भोक पडतं ते पाठवलेल्या मेलमध्ये. आलेले व्यवस्थित लागतात, आपण दिलेला सल्ला मात्र ‘सेंट’मध्ये पडून राहतो आणि वाद नेमका त्यावरच होतो. आउटलुकच्या सामायिक मेलबॉक्समधून (अनेकांनी मिळून वापरायच्या पत्त्यावरून) पाठवलेला मेल, सेटिंग बदललं नसेल तर, पाठवणाऱ्याच्याच ‘सेंट’मध्ये जातो. जीमेलमध्ये रोज काम संपवताना लेबल नसलेले मेल शोधा: इंग्रजीत ‘हॅज’, कोलन आणि ‘नोयूजरलेबल्स’, सगळं जोडून. लेबल मेलला लागतं, अख्ख्या धाग्याला नाही. त्यामुळे लेबल लागलेल्या धाग्यातलं सुटलेलं उत्तरही या शोधात दिसतं. शुक्रवारवर ढकलाल तर कुठला मेल कशाबद्दल होता हेच आठवणार नाही.

अटॅचमेंट त्याच दिवशी केसच्या फोल्डरमध्ये उतरवा. नावात आधी वर्ष-महिना-दिवस, मग कोणाकडून, मग दोन शब्दांत काय. नावं आखूड ठेवा. विंडोजमध्ये फोल्डरांसकट पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या पुढे गेला की फाइल हलवताना अडचण येते. २५ एमबीहून मोठी फाइल जीमेलमधून ड्राइव्हच्या लिंकने येते. लिंक म्हणजे फाइल नव्हे. पाठवणाऱ्याने परवानगी काढली की हातात काही उरत नाही.

केस संपली की मेल पीडीएफ करून मूळ पुसू नका. छापील प्रतीत मेल कुठल्या सर्व्हरवरून कधी आला हे सांगणारा हेडर पूर्ण येत नाही, आणि मेल खरा की खोटा हा वाद झाला तर तोच लागतो. एखादा मेल हवा असेल तर त्याच्या तीन टिंबांच्या मेनूतून ईएमएल फाइल, म्हणजे हेडरसकट मूळ मेल, उतरवा. सगळी केस हवी असेल तर गूगल टेकआउटमध्ये (आपला डेटा उतरवून घ्यायची गूगलची सोय) फक्त तेच लेबल निवडा, सगळे मेल एकत्र असलेली एमबॉक्स फाइल मिळते. ती उघडून मेलची संख्या जुळवा, मगच आवराआवर करा. जीमेलमध्ये लेबल काढलं तरी मेल शाबूत राहतात. आउटलुकमध्ये फोल्डर पुसला की आतले मेलही त्याच्याबरोबर जातात.