थोड्या पैशांत सेवा मंडळ कसे सुरू करावे : रुग्णोपयोगी साहित्य केंद्राच्या आधारे

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीनही जिल्ह्यांत लोकांसाठी काही करावे असे मनापासून वाटणारी माणसे गावोगाव आहेत. परंतु "आधी पैसा उभा राहू द्या, मग बघू" या वाक्यापाशी त्यांच्या बैठका संपतात. माझे मत असे आहे की लहान मंडळे पैशाअभावी जितकी बंद पडतात, त्याहून अधिक बंद पडतात ती कामाचा वार ठरलेला नसल्यामुळे आणि वही नीट ठेवली न गेल्यामुळे. म्हणून नव्या मंडळाने एकच काम, एकच जागा आणि आठवड्यातला एकच वार धरावा व पहिल्या रुपयापासून हिशेब लिहावा. साने गुरुजी अमळनेरला प्रताप हायस्कूलच्या छात्रालयातल्या मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढत असत. त्याचे भांडवल कागद, शाई आणि रोज दिलेला वेळ एवढेच होते. त्यातला रोज दिलेला वेळ हाच भाग सर्वांत अवघड असतो आणि मंडळाची बांधणी त्याच्याभोवतीच करावी लागते.

पुढील मांडणी एका ठरावीक कामाच्या आधारे केली आहे, ते म्हणजे वॉकर, कुबड्या, चाकाची खुर्ची, कमोड खुर्ची, एअर बेड (अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून वापरायची हवेची गादी) असे रुग्णाला लागणारे साहित्य काही आठवड्यांसाठी वापरायला देण्याचे केंद्र. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत अशी केंद्रे चालतात. खुब्याचे हाड मोडलेल्या आजीला रुग्णालयातून घरी आणले की वॉकर लागतो आणि बहुधा तो दोन-तीन महिनेच लागतो. मजुरी करणाऱ्या घराला तेवढ्यासाठी हजार-दीड हजार रुपये घालणे जड जाते, आणि ज्या घराने ते घातले त्या घरात पुढे तो वॉकर माळ्यावर धूळ खात पडतो. एकदा मिळालेली वस्तू परत येते आणि दुसऱ्या घरी जाते, म्हणून कमी पैशांच्या मंडळाला हे काम विशेष सोयीचे आहे. अन्नवाटप किंवा कपडेवाटप करणाऱ्यांना दर वेळी नव्याने पैसा उभारावा लागतो.

माणसे आणि वार

सुरुवातीला पाच ते सात जण पुरेत. त्यांत हिशेबाची सवय असलेली एक व्यक्ती, औषधदुकान किंवा दवाखान्याशी संबंध असलेली एक व्यक्ती आणि रिक्षा अथवा छोटा टेम्पो असलेली एक व्यक्ती असावी. खजिनदार निवडताना निवृत्त शिक्षक किंवा बँक कर्मचारी यांच्याकडे आपले लक्ष आपोआप जाते. पण गावातल्या महिला बचत गटात अनेक वर्षे बैठकीचे इतिवृत्त आणि जमाखर्च लिहिणाऱ्या ताईंचा विचार आधी करावा, असे मी आग्रहाने सांगेन. पैसा हातात ठेवणे आणि त्याचा हिशेब चारचौघांत वाचून दाखवणे या दोन्ही गोष्टी त्या नियमाने करत आलेल्या असतात.

केंद्र आठवडे बाजाराच्या दिवशी उघडे ठेवावे. सातपुड्याच्या पाड्यांवरून किंवा आडवाटेच्या गावांतून तालुक्याला येणारी माणसे त्याच दिवशी येतात. वेगळ्या दिवशी बोलावले तर त्यांची एक दिवसाची मजुरी बुडते आणि वर प्रवासखर्च पडतो. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा केंद्राची वेळ सकाळी सात ते दहा ठेवावी. सभासदांच्या पाळ्या वर्षभराच्या शेतीकामाकडे बघूनच लावाव्यात. जून-जुलैत पेरणी आणि दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी असताना शेतकरी सभासदाला पाळी देऊ नये; त्या महिन्यांचा भार शिक्षकांनी, दुकानदारांनी आणि निवृत्तांनी उचलावा. हे आधी कागदावर ठरवून ठेवले नाही, तर गैरहजेरीवरून रुसवेफुगवे सुरू होतात आणि चांगली माणसे दुरावतात.

नियम थोडे आणि सर्वांच्या तोंडी असलेले असावेत. साक्री तालुक्यातल्या बारीपाडा गावाने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने जंगल राखले. त्यात झाड तोडणाऱ्याला दंड आणि राखणीची पाळी हे नियम गावाने स्वतःच ठरवले होते. आपण स्वतः बसून ठरवलेला नियम माणूस पाळतो, हा अनुभव लहान मंडळालाही लागू पडतो.

पैसा आणि वस्तू

सात सभासदांनी दरमहा १०० रुपये काढले, तर वर्षाचे ८,४०० रुपये होतात. एवढ्यात दोन वॉकर, एक कमोड खुर्ची, एक एअर बेड आणि वह्या-पावतीपुस्तके येऊ शकतात. चाकाची खुर्ची महाग असते, म्हणून तिची घाई करू नये. ती बहुधा देणगीतून येते. जागा भाड्याने घेऊ नये. कुणाच्या घराची पुढची खोली, वाचनालयाचा कोपरा किंवा मंदिराच्या सभागृहातले एक कपाट चालते, फक्त तेथे कोणत्याही जातीधर्माच्या माणसाला न संकोचता येता यावे.

वस्तूंचा मोठा साठा आपल्या गावातच असतो. घरातला वृद्ध माणूस गेल्यावर त्याचा वॉकर किंवा कमोड खुर्ची कुणाला नकोशी वाटते, पण फेकवतही नाही. अशा घरी द्वारदर्शनाच्या, म्हणजे सांत्वनाला जाण्याच्या वेळी विषय काढू नये. गंधमुक्ती, म्हणजे दुखवटा संपवण्याचा विधी होऊन काही दिवस गेल्यावर, घरातल्या कर्त्या माणसाच्या ओळखीच्या सभासदाने एकट्याने जाऊन शांतपणे विचारावे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी आलेल्या असतात आणि घर एकत्र असते, त्या दिवसांत असे निर्णय लवकर होतात. वस्तूवर दिवंगताचे नाव घालण्याची इच्छा कुटुंबाने व्यक्त केली, तर ती अवश्य मानावी.

पैशांबाबत एक कायदेशीर मर्यादा सुरुवातीलाच ध्यानात घ्यावी. सभासदांनी आपसांत वर्गणी काढणे वेगळे आणि बाजारपेठेत फिरून लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करणे वेगळे. नोंदणी नसताना असे पैसे गोळा करायचे असतील, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१ क नुसार धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळे दरवर्षी घेतात ती हीच. म्हणून पहिले वर्ष सभासदांच्या वर्गणीवर आणि वस्तूरूप मदतीवर काढावे. पैसे कुणा एकाच्या खात्यात किंवा मोबाइलवर ठेवू नयेत. दोघांच्या नावे फक्त याच कामासाठी एक संयुक्त बचत खाते उघडावे आणि ते दोघांच्या सहीनेच चालावे.

देण्याघेण्याची पद्धत

प्रत्येक वस्तूवर ऑइल पेंटने क्रमांक घालावा आणि वहीत त्या क्रमांकाचे स्वतंत्र पान ठेवावे. वस्तू देताना रुग्णाचे व नेणाऱ्याचे नाव, गाव, मोबाइल क्रमांक, तारीख, परतीची तारीख आणि अनामत रक्कम लिहून सही किंवा अंगठा घ्यावा. अनामत ५०० रुपयांच्या आत असावी. ज्याला तीही झेपत नाही, त्याला गावच्या आशाताईंच्या किंवा सरपंचांच्या तोंडी हमीवर वस्तू द्यावी. परतीची आठवण करून द्यायलाही पुढे त्यांचाच उपयोग होतो. मुदत तीन महिन्यांची ठेवावी आणि गरज असल्यास वाढवून द्यावी.

अनामत हे मंडळाचे उत्पन्न नव्हे, ती लोकांची ठेव आहे. तिची वेगळी वही ठेवावी आणि वस्तू घेण्यासाठी ती कधीही वापरू नये. वॉकर परत करायला आलेल्या माणसाला "पुढच्या आठवड्यात या, पैसे देतो" असे सांगावे लागले, तर ती बातमी बाजारभर होते आणि मंडळावरचा विश्वास पुन्हा बसायला फार काळ लागतो.

वस्तू देणाऱ्या सभासदाला ती वापरायला शिकवता आली पाहिजे. रुग्णाने ताठ उभे राहून हात सैल सोडल्यावर मनगट जिथे येते, तिथे वॉकरची मूठ यावी. पायांची रबरी टोपणे झिजलेली असली तर गुळगुळीत फरशीवर वॉकर घसरतो आणि आधीच मोडलेले हाड पुन्हा मोडण्याची भीती असते; ती टोपणे स्वस्त असतात, म्हणून जादाची घेऊन ठेवावीत. एअर बेडला विजेचा पंप लागतो आणि भारनियमनात तो थांबतो, त्यामुळे बेड असला तरी रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलत राहावी, हे घरच्यांना समजावून सांगावे. हे सांगणे अहिराणीत, पावरीत, भिलीत किंवा लेवा गणबोलीत, म्हणजे ज्या बोलीत ते घर बोलते त्या बोलीत झाले पाहिजे. छापील मराठी सूचनापत्रक हातात देऊन हे काम होत नाही. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरसारखी यंत्रे मात्र सुरुवातीला ठेवू नयेत. त्यांना डॉक्टरांची चिठ्ठी, नियमित देखभाल आणि अखंड वीज लागते.

परत आलेली वस्तू साबणाच्या पाण्याने धुऊन, ब्लीचिंगच्या सौम्य द्रावणाने पुसून कोरडी करावी. लोखंडी वस्तू उन्हात ठेवाव्यात, एअर बेड मात्र सावलीतच वाळवावा. आपल्या उन्हात त्याचे प्लॅस्टिक लवकर तडकते.

वस्तू घेणाऱ्याचा फोटो काढू नये. समाजमाध्यमांवर द्यायचाच असेल, तर वस्तूंचा द्यावा. आजारपणात दुसऱ्याकडे मागायला आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे असते, ते गावाने पाहावे असे त्याला वाटत नसते, आणि फोटोच्या धास्तीने गरजू माणूस येण्याचे टाळतो.

सरकारी योजनांची माहिती

कायमचे अपंगत्व आलेल्या माणसाला आपली वस्तू तात्पुरती द्यावी, पण तेवढ्यावर थांबू नये. ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्यांना शासकीय शिबिरांतून तीनचाकी, चाकाची खुर्ची यांसारखी साधने मिळू शकतात. शिबिराची तारीख कळवणे आणि कागद जमवून देणे हे सभासदांनी करावे. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी नाशिक-मुंबईला निघालेल्या कुटुंबाला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची, तसेच धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव असतात याची माहिती द्यावी. यातल्या कशालाही मंडळाचा पैसा लागत नाही.

नोंदणी केव्हा आणि कशी

किमान वर्षभर न चुकता काम झाल्यावरच नोंदणीकडे वळावे. त्याआधी नोंदणी करणाऱ्यांची ताकद कागदांत आणि पदांच्या वाटपात जाते. संस्था नोंदणी अधिनियम १८६० नुसार किमान सात सभासद लागतात, आणि महाराष्ट्रात अशा संस्थेला वर सांगितलेल्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीही नोंदणी करावी लागते. विधानपत्र (संस्थेचे नाव आणि उद्देश सांगणारा कागद), नियमावली, सभासदांची ओळखपत्रे आणि जागामालकाचे संमतिपत्र हे प्रमुख कागद होत. उद्देश लिहिताना आपण खरोखर करणार तेवढेच लिहावे. सातही जण एकाच घरातले किंवा एकाच पक्षातले नसावेत, कारण पहिल्या मतभेदातच अशी संस्था दुभंगते.

नोंदणीनंतर पॅन कार्ड, संस्थेच्या नावाचे बँक खाते आणि दरवर्षीचे लेखापरीक्षण या गोष्टी ओघाने येतात. देणगीदाराला आयकरात सवलत देणारी मान्यता त्यानंतर घ्यावी. ती असली तरी २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत मिळत नाही, हे देणाऱ्याला आधीच सांगावे. कंपन्यांच्या सामाजिक निधीसाठी साधारणपणे तीन वर्षांच्या कामाचा पूर्वेतिहास पाहिला जातो, म्हणून त्यामागे लवकर धावू नये. दर मार्चअखेर जमाखर्चाचा तक्ता केंद्राच्या दारावर लावावा. विश्वस्त, म्हणजे नोंदणीत नाव असलेले संस्थेचे कारभारी, बदलले की ९० दिवसांच्या आत बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात दाखल करावा. हा अर्ज वर्षानुवर्षे राहून गेला, तर कागदोपत्री जुनेच विश्वस्त राहतात, बँक नव्यांच्या सह्या स्वीकारत नाही आणि खात्यात पैसे असूनही साधे रबरी टोपण घेणे अडते.