रिपोर्टात काय लिहावं, समोर कसं बोलावं: पुनर्वसनात नव्याने येणाऱ्यांसाठी

फिजिओथेरपी, विशेष शिक्षण किंवा समाजकार्याची पुण्यात इंटर्नशिप सुरू झाली की लगेच गोंधळ उडतो. एकाच अपंगत्वासाठी प्रमाणपत्रावर एक शब्द, शाळेच्या पाटीवर दुसरा, आईच्या तोंडी तिसरा.

कागदावर कायद्याचा शब्द ठेवा. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ आहेत. जुन्या फायलीत ‘मतिमंद’ असेल, नव्या अहवालात ‘बौद्धिक अक्षमता’ लिहायचं. मात्र संस्थेच्या नोंदणीकृत नावात ‘मतिमंद’ किंवा ‘मूकबधिर’ असेल तर ते तसंच उतरवा. आपण सुधारायला गेलो की नाव जुळत नाही म्हणून कागद परत येतो. एरवी ‘कर्णबधिर’ पुरे. ‘मूक’ जोडायचं कारण नाही, स्वरयंत्र बहुधा ठीकच असतं आणि सांकेतिक भाषा बोलणारा मुका नसतो. कायद्यात दोन्ही कानांत ७० डेसिबल श्रवणऱ्हास म्हणजे बधिर. ६० ते ७० ची नोंद वेगळी. अंध आणि अल्पदृष्टी हेही एकात ढकलू नका.

आता खरं काम. प्रमाणपत्रावरची टक्केवारी सवलतीसाठी लागते (बहुतेक ठिकाणी किमान ४०), पण त्यावरून माणसाला काय जमतं ते कळत नाही. ‘मुलगी परावलंबी आहे’ हे वाक्य तर निरुपयोगीच, कारण पुढचा थेरपिस्ट त्यावरून एकही उद्दिष्ट ठरवू शकत नाही. असं लिहा: ‘वरणभात चमच्याने स्वतः खाते. भाकरी मोडून द्यावी लागते. फ्रॉक घालते, पाठीमागची बटणं आई लावते. कॅलिपर लावून, भिंतीला धरून १० पावलं.’ साधन कोणतं (इथे कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारी पट्ट्यांची चौकट), मदत किती, कुणाची, हे आलंच पाहिजे. ‘व्हीलचेअरला खिळलेले’ नव्हे, ‘व्हीलचेअर वापरतात’. ‘ग्रस्त’ आणि ‘पीडित’ सरळ खोडा. ‘सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर होणारा परिणाम) असलेला’ म्हणा. ‘नॉर्मल मुलं’ही नको, ‘अपंगत्व नसलेली’ म्हणता येतं.

माहिती घेताना आजी ‘लुळा’, ‘वेडसर’ म्हणाली तर पहिल्याच भेटीत तिला सुधारू नका, नाहीतर ती बोलायचीच थांबते. तिचे शब्द अवतरणात टिपा, पुढचा प्रश्न आपल्या शब्दांत विचारा. ‘अपस्मार आहे का?’ विचारलं तर ‘नाही’ येतं. ‘आकडी, फिट येते का?’ विचारा.

सगळ्यात जास्त चुका संबोधनात होतात, आणि जुन्या कर्मचाऱ्यांकडून ऐकून नवे लोकही त्याच करतात. अपंग प्रौढांच्या कार्यशाळेत मेणबत्त्या करणाऱ्या पस्तिशीच्या माणसाला ‘बाळा’, सगळ्यांना मिळून ‘आमची मुलं’. त्यांना ‘तुम्ही’ म्हणा, नावाला दादा-ताई लावा. सोबत भाऊ आला असला तरी प्रश्न त्यांनाच विचारा आणि उत्तराला वेळ द्या. खडकीच्या पॅराप्लेजिक (कमरेखाली लुळेपणा आलेल्यांच्या) पुनर्वसन केंद्रात माजी सैनिक वर्षानुवर्षं राहतात. ते तिथले रहिवासी, पेशंट नव्हेत.

‘दिव्यांग’ सरकारी कागदावर चालतो, पण काहींना तो आवडत नाही, ते स्वतःला ठणकावून ‘अपंग’ म्हणवतात. मग त्यांच्याशी बोलताना तोच शब्द वापरा, अर्जात मात्र ‘दिव्यांग’ राहू द्या.