प्रकल्प व्यवस्थापनाचे पहिले प्रमाणपत्र : सीएपीएमची तयारी

नवख्या उमेदवाराने थेट पीएमपीच्या (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल या अनुभवी व्यवस्थापकांसाठीच्या प्रमाणपत्राच्या) मागे लागू नये, कारण त्या परीक्षेसाठी प्रकल्पांचे नेतृत्व केल्याचा काही वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. अमेरिकेत १९६९ मध्ये स्थापन झालेल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटचीच सीएपीएम (सर्टिफाइड असोसिएट इन प्रोजेक्ट मॅनेजमेंट) ही परीक्षा त्याच्यासाठी अधिक योग्य आहे. तिला बारावी उत्तीर्ण उमेदवारही बसू शकतो. मात्र प्रकल्प व्यवस्थापनाचे २३ तासांचे प्रशिक्षण आधी पूर्ण केलेले असावे लागते.

परीक्षेत तीन तासांत १५० प्रश्न सोडवायचे असतात. मूलभूत संकल्पनांना ३६ टक्के, व्यवसाय विश्लेषणाला (संस्थेच्या गरजा ओळखून त्यावर उपाय ठरवण्याला) २७, अजाइल म्हणजे छोट्या टप्प्यांत बदल सामावून घेत काम करण्याच्या पद्धतींना २० आणि पूर्वनियोजित पद्धतीला १७ टक्के भार आहे. व्यवसाय विश्लेषण शेवटी उरकण्याचा विषय नाही, हे या आकड्यांवरूनच लक्षात यावे.

व्याख्या पाठ करण्यापेक्षा एखाद्या छोट्या कामाचा आराखडा स्वतः कागदावर मांडावा, असे माझे ठाम मत आहे. समजा, गावातील वाचनालयाचे संगणकीकरण करायचे आहे. पुस्तकांची यादी करण्यास १० दिवस लागतात, संगणकप्रणाली बसवण्यास १५, आणि ही दोन्ही कामे समांतर चालून संपल्यावरच सुरू होणाऱ्या माहिती-नोंदणीस २० दिवस लागतात. अशा वेळी प्रकल्पाचा किमान कालावधी ३५ दिवसांचा ठरतो. यादीचे काम पाच दिवस लांबले तरी अंतिम तारीख ढळत नाही, परंतु संगणकप्रणालीला एक दिवस उशीर झाला, तर सारा प्रकल्पच एक दिवस पुढे जातो. क्रिटिकल पाथ, म्हणजे प्रकल्पाचा किमान कालावधी ठरवणारी कामांची सर्वांत लांब साखळी, ही संकल्पना अशा मांडणीतून पक्की होते.

प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची असते.