मिडी शिकताना या चुका टाळा: आवाजाशी खेळण्याआधी इव्हेंट लिस्ट उघडा

मिडी म्हणजे वाद्यं आणि कॉम्प्युटर यांनी एकमेकांना सूचना पाठवण्याची ठरलेली पद्धत. मिडीच्या केबलमधून आवाज जात नाही. जातात त्या फक्त सूचना: कुठली पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली, सूर लांबवणारं पेडल खाली आहे की वर. १९८३ साली हे ठरलं आणि घरगुती सेटअप आजही बहुतेक त्याच पहिल्या आवृत्तीवर चालतात. हे प्रत्येक नवशिका पहिल्याच दिवशी वाचतो, मान डोलावतो आणि पहिली अडचण आली की रिव्हर्बची (घुमाऱ्याची) बटणं फिरवायला घेतो. बिघाड सूचनेत असेल तर आवाज कितीही पॉलिश करा, काही होत नाही.

अडकलेलं पेडल

नेहमीचं प्रकरण असं. पियानोचा ट्रॅक चाळिसाव्या बारपर्यंत (बार म्हणजे ठरावीक मात्रांचं एक आवर्तन) स्वच्छ, पुढे सगळे सूर एकमेकांत मिसळून नुसता लगदा. मग रिव्हर्ब कमी होतो, ईक्यूवर, म्हणजे खर्ज-तार कमी-जास्त करायच्या साधनावर, २०० ते ४०० हर्ट्झ छाटले जातात, शेवटी पियानोचं प्लगइनच, म्हणजे आवाज देणारं सॉफ्टवेअरच, बदललं जातं. लगदा तसाच.

इव्हेंट लिस्ट, म्हणजे सगळ्या सूचनांची यादी, उघडली की उत्तर समोरच असतं. बार ४०, मात्रा ३: सीसी (कंट्रोल चेंज, म्हणजे पेडल-बटणांची सूचना) ६४, व्हॅल्यू १२७. म्हणजे पेडल दाबलं. त्यानंतर सीसी ६४ ची एकही नोंद नाही. पेडल कधी सुटलंच नाही!

ती ० ची नोंद गेली कुठे? वाजवणारा नवी कॉर्ड वाजली की त्याच्या किंचित नंतर पाय उचलतो, नाहीतर दोन कॉर्डमध्ये खड्डा ऐकू येतो. त्यामुळे पेडल सुटल्याची नोंद बारच्या रेघेच्या जराशी पलीकडे पडते. आपण क्लिप (रेकॉर्डिंगचा तुकडा) बरोबर रेघेवर कापतो, पलीकडचा तुकडा डिलीट करतो आणि त्याच्याबरोबर ती ०ही जाते. काही सॉफ्टवेअर क्लिप संपताना पेडल स्वतःहून सोडतात, पण त्यावर विसंबू नका.

उपाय एका ओळीचा: बार ४१ च्या सुरुवातीला सीसी ६४ ला ० लिहा. कापण्याआधी पेडलची लेन उघडून बघायची आणि प्रत्येक क्लिपच्या तोंडाशी एक ० ठेवायचा, एवढी सवय पुरते. ० ते ६३ म्हणजे सुटलेलं, ६४ ते १२७ म्हणजे दाबलेलं. काही पियानो प्लगइन मधल्या व्हॅल्यू अर्धं पेडल म्हणूनही वाचतात. आणि दरवेळी पॅनिक बटण (सगळे सूर थांबवणारं) दाबून सुटका करून घेऊ नका. ‘ऑल नोट्स ऑफ’, म्हणजे सीसी १२३, गेला तरी पेडल खाली असेल तर सूर वाजत राहू शकतात. तिथे सीसी १२० लागतो. शिवाय पुढच्या प्लेला तीच नोंद पुन्हा लागणारच.

पेडल उलटं चालत असेल तर कीबोर्ड बंद करा, पाय बाजूला घ्या, पुन्हा सुरू करा. बरेच कीबोर्ड चालू होताना पेडलची जी स्थिती दिसेल ती ‘सुटलेली’ धरतात.

सगळं १०० टक्के क्वांटाइझ

क्वांटाइझ म्हणजे सूर ग्रिडच्या, वेळेच्या समान रेघांच्या, जागी ओढणं; १०० टक्के म्हणजे थेट रेघेवर. ही घाईची चूक आहे आणि सगळ्यात जास्त गाणी हीच मारते. रेकॉर्ड केलं, सगळं सिलेक्ट, सोळाव्या भागाची ग्रिड, १०० टक्के, झालं.

टेम्पो ९०, म्हणजे मिनिटाला ९० मात्रा, धरा. एक मात्रा ६६७ मिलिसेकंदांची, सोळावा भाग, म्हणजे मात्रेचा चौथा हिस्सा, १६७ चा. तुम्ही ट्रिपलेट (एका मात्रेत सारख्या अंतरावर तीन सूर) वाजवली: सूर ०, २२२ आणि ४४४ वर पडले. ग्रिडच्या रेघा मात्र ०, १६७, ३३३ आणि ५०० वर. सॉफ्टवेअर जवळची रेघ शोधतं, म्हणून दुसरा सूर १६७ वर मागे ओढला जातो आणि तिसरा ५०० वर पुढे ढकलला जातो. समान तीन पावलांची चाल लंगडी होते. मग ‘प्लगइन खराब आहे’ असं ऐकायला मिळतं. प्लगइन बिचारं सांगितलं तेच वाजवतंय.

आधी ग्रिड निवडा: ट्रिपलेट असेल तर ट्रिपलेटचीच. मग स्ट्रेंग्थ (ओढण्याचं प्रमाण) ५० ते ६० टक्के ठेवून ऐका आणि तरी खटकणारे सूर हाताने सरकवा. किकसाठी ९० टक्केही चालतं, पियानोच्या कॉर्डला नाही. बोटांमधला १०-२० मिलिसेकंदांचा फरक गेला की कॉर्ड ठोकळ्यासारखी पडते. आणि सगळेच सूर सारखेच उशिरा पडत असतील तर ते क्वांटाइझचं काम नव्हे, अख्खा ट्रॅक तेवढा डावीकडे, म्हणजे आधी, सरकवा. ज्यांना दहा मिनिटं मेट्रोनोमवर वाजवायचा कंटाळा येतो, ते पुढे दोन तास माउसने सूर सरकवत बसतात.

प्रत्येक सूर दोनदा

पट्टी एकदाच दाबली तरी आवाज जाड, फेजर इफेक्टमधून आल्यासारखा येतो. कीबोर्ड स्वतःचा आवाज वाजवतो, शिवाय तीच सूचना सॉफ्टवेअरमधून फिरून परत त्याच्याकडे येते. कीबोर्डच्या मेनूत लोकल कंट्रोल (पट्ट्या आणि कीबोर्डचा स्वतःचा आवाज यांची जोडणी) ऑफ करा. सॉफ्टवेअर बंद असताना कीबोर्ड मुका झाला तर घाबरू नका, तो पुन्हा ऑन करायचा राहिलाय.

बाकीच्या

माउसने काढलेल्या सगळ्या नोटांची वेलॉसिटी (पट्टी किती जोरात दाबली तो आकडा) १०० ठेवू नका. वेलॉसिटी म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. चांगल्या प्लगइनमध्ये ती बदलली की सॅम्पलच (रेकॉर्ड केलेला आवाजच) बदलतं. आवाज कमी-जास्त करायला सीसी ७ आणि ११ आहेत.

पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येतो? बफर (आवाज बाहेर पडण्याआधी साठवला जाणारा भाग) बघा. ४४.१ किलोहर्ट्झला १०२४ चा बफर म्हणजे २३ मिलिसेकंद, १२८ चा म्हणजे जेमतेम ३. रेकॉर्डिंगला लहान, मिक्सिंगला मोठा. आणि ब्लूटूथ हेडफोन काढून ठेवा.

कॉम्प्युटरला कीबोर्ड दिसतच नसेल तर आधी यूएसबी केबल बदला. नुसत्या चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात.

पाच पिनांच्या केबलमध्ये आउट नेहमी समोरच्याच्या इनमध्ये जातो. इनला इन जोडून कोणाचं भलं झालेलं नाही.

पिच बेंड (सूर वरखाली वाकवणं) संपल्यावर मधोमध, म्हणजे ८१९२ वर, आलाय का ते बघा. नाहीतर पुढचं सगळं बेसूर. बेंडची रेंज सिंथमध्ये आणि प्लगइनमध्ये एकच ठेवा. बहुतेक ठिकाणी ती मुळात वरखाली दोन सेमीटोन असते.

जनरल मिडीत (कुठल्या नंबरवर कुठला आवाज हे ठरवणारा नेम) ड्रम्स १० व्या चॅनलवर असतात: किक ३६, स्नेअर ३८, बंद हायहॅट ४२. ड्रम्सचा ट्रॅक पियानोसारखा वाजला तर चॅनल तपासा.

मित्राला मिडी फाइल पाठवताना सोबत ऑडिओही पाठवा, कारण त्याच्याकडे तुमचं प्लगइन नाही. आणि सूर कळवायचा असेल तर नावाऐवजी नंबर लिहा: ६० नंबरच्या मधल्या सी ला कोणी सी ३ म्हणतं, कोणी सी ४.