तानपुऱ्याने डिस्कसाठी का थांबायचं? रास्पबेरी पाय उशिरा सुरू होत असेल तर

रास्पबेरी पाय हा छोटा संगणक एरवी अर्ध्या मिनिटात सुरू होत होता आणि आता दोन मिनिटं घेतोय, असं झालं तर वाढलेला वेळ आधी घड्याळ लावून मोजा. तो दीड मिनिटाच्या जवळपास भरला, तर मेमरी कार्ड गेलं, पाय जुना झाला, असे निष्कर्ष काढू नका आणि नवीन काही विकतही आणू नका. ९० सेकंद ही सिस्टमडीने ठरवलेली मुदत आहे. संगणक सुरू होताना बाकीच्या सगळ्यांना उठवण्याचं काम सिस्टमडी करतो. अमुक डिस्क हवी असं त्याला सांगून ठेवलं असेल आणि ती सापडली नाही, तर तो तिची ९० सेकंद वाट बघतो. तेवढ्या वेळात पुढची बरीच कामं अडून राहतात.

माझा गाण्याचा क्लास कोथरूडला आहे. तिथला पाय ४ दोन कामं करतो. चालू झाला की तानपुरा वाजवायला लागतो आणि मुलं गातात त्याचं रेकॉर्डिंग यूएसबीच्या हार्ड डिस्कवर साठवतो. आमच्या भागात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद असते, पावसाळ्यात तर ती केव्हाही जाते. त्यामुळे हा संगणक वरचेवर नव्याने सुरू होतो. मुलं मांडी घालून बसलेली असतात, "ताई, सूर?" म्हणून विचारतात आणि आत डिस्कचा शोध चाललेला असतो. तानपुऱ्याची फाइल कार्डावर आहे, तिला डिस्कची काही गरज नाही. मग तानपुऱ्याने डिस्कसाठी का थांबायचं? डिस्क ज्याला हवी त्याने थांबावं, बाकीच्यांनी पुढे जावं. हे ज्या फाइलमध्ये ठरतं तिचं नाव एफएसटॅब. ती ईटीसी फोल्डरमध्ये असते.

पुढे आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लहान अक्षरांत टाइप करायच्या.

आधी संगणक काय म्हणतोय ते बघा. सुरू होताना नुसतं चित्र दिसत असेल, तर बूट विभागातली सीएमडीलाइन डॉट टीएक्सटी ही फाइल उघडून तिच्यातले "क्वाएट" आणि "स्प्लॅश" हे दोन शब्द काढा. रास्पबेरी पाय ओएसच्या बुकवर्म आवृत्तीपासून ही फाइल बूट फोल्डरच्या आतल्या फर्मवेअर फोल्डरमध्ये असते. फाइलमधला सगळा मजकूर एकाच ओळीत राहिला पाहिजे, मध्ये एंटर मारू नका. आता पुन्हा सुरू केलंत की ओळी भराभर वर सरकतील आणि एका ठिकाणी थबकतील. तिथे "अ स्टार्ट जॉब इज रनिंग फॉर" असं लिहिलेलं असेल, त्यापुढे डिस्कचा लांबलचक पत्ता आणि कंसात सरकणारे आकडे: ४५ सेकंद, तिरकी रेघ, १ मिनिट ३० सेकंद. डाव्या बाजूला लाल चांदण्या मागेपुढे पळत असतात. ही ओळ मिळाली तर अर्धं निदान झालं. पत्त्याच्या शेवटी जो यूयूआयडी, म्हणजे डिस्कचा ओळख क्रमांक, आहे, त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

पडदाच नसेल, आमच्यासारखा पाय कपाटावर ठेवलेला असेल, तर दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून टर्मिनल उघडून, आत जा. बरेच जण इथे "सिस्टमडी-ॲनालाइझ ब्लेम" चालवतात. कोणाला किती वेळ लागला त्याची यादी त्यात मिळते, ती उपयोगी आहे, पण आपल्या दुखण्यात ती हमखास दिशाभूल करते. प्रत्येक सेवा, म्हणजे मागे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, स्वतः सुरू होण्यात किती वेळ होती एवढंच ही यादी मोजते, रांगेत किती वेळ ताटकळली ते मोजत नाही. डिस्कसारख्या उपकरणांना तर "सुरू होत आहे" अशी मधली अवस्थाच नसते. ती एकतर असतात नाहीतर नसतात. त्यामुळे सगळा वेळ जिने खाल्ला ती हरवलेली डिस्क यादीत दिसतच नाही. यादी बघून लोक नेटवर्कची नाहीतर ब्लूटूथची सेवा बंद करतात आणि दीड मिनिट जागच्या जागी राहतं. नुसतं "सिस्टमडी-ॲनालाइझ" दिल्यावर अजून सुरू होणं संपलेलं नाही असं उत्तर आलं, तर तीही खूणच आहे. कोणीतरी अजून वाट बघतंय.

खरं उत्तर नोंदवहीत मिळतं. "जर्नलसीटीएल -बी" ही आज्ञा या वेळच्या सुरुवातीपासूनची सगळी नोंद दाखवते. तिच्यात "टाइम्ड आउट वेटिंग फॉर डिव्हाइस" शोधा. लगेच खाली "डिपेंडन्सी फेल्ड फॉर" आणि त्यापुढे माउंट पॉइंटचं, म्हणजे डिस्क ज्या फोल्डरवर जोडली जाते त्याचं, नाव असेल. या दोन ओळी मिळाल्या की संशयाला जागा उरत नाही.

आता "एलएसबीएलके -एफ" द्या. जोडलेल्या सगळ्या डिस्क, त्यांचा प्रकार, लेबल आणि यूयूआयडी समोर येतील. एफएसटॅबमधला यूयूआयडी यातल्या कुठल्याही यूयूआयडीशी जुळत नसेल, तर कारण तिथेच आहे. डिस्क नव्याने फॉरमॅट केली की यूयूआयडी बदलतो, एफएसटॅब मात्र जुनाच धरून बसतो. लांबीवरूनही डिस्कच्या फॉरमॅटचा अंदाज येतो. ईएक्सटी४चा यूयूआयडी रेघा धरून ३६ अक्षरांचा असतो, एनटीएफएसचा १६ अक्षरांचा, फॅट आणि एक्सफॅटचा मध्ये एक रेघ असलेला चार-चार अक्षरांचा. एफएसटॅबमध्ये लांब आकडा आहे आणि डिस्कवर छोटा, म्हणजे मधल्या काळात कोणीतरी ती विंडोजवर फॉरमॅट करून आणली आहे. काहींच्या फाइलमध्ये यूयूआयडीऐवजी "एसडीए१" असं नाव असतं. ते बदला. दोन डिस्क लावल्या की एसडीए कोणती आणि एसडीबी कोणती, हे दर वेळी तेच राहील याची खात्री नसते.

यादीत डिस्कच नसेल, तर विजेकडे बघा. पाय ४ चारही यूएसबी मिळून १.२ अँपिअर देतो. पाय ५ला ५ अँपिअरचा अडॅप्टर असेल तर १.६ अँपिअर मिळतात, ३ अँपिअरचा असेल तर फक्त ६०० मिलिअँपिअर. फिरणाऱ्या अडीच इंची हार्ड डिस्कला सुरुवातीचा झटका जास्त लागतो. दिवा लागतो, बारीक टकटक ऐकू येते आणि डिस्क काही फिरत नाही, असं दिसलं तर एफएसटॅबमध्ये कितीही फेरफार करून उपयोग नाही. "व्हीसीजेनसीएमडी गेट-थ्रॉटल्ड" मध्ये गेट आणि थ्रॉटल्डच्या दरम्यान आडवी रेघ न देता अंडरस्कोर द्या. उत्तरात एक्सच्या पुढे नुसतं शून्य नसून दुसरा आकडा दिसला, तर बहुतेक वेळा कधीतरी व्होल्टेज कमी पडलेलं असतं. स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब हा यावरचा इलाज. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाणार असाल, तर अडॅप्टरवर किती अँपिअर लिहिलेत ते वाचूनच घ्या.

डिस्क आहे, आकडा जुळतो आणि तरी उशीर होतो, असंही होतं. वीज अचानक गेल्यावर फाइल सिस्टमची तपासणी चालू असते. ईएक्सटी४ची तपासणी बहुतेक वेळा झटक्यात होते, कारण जर्नल, म्हणजे डिस्कवरच्या बदलांची नोंद, वाचून तिला काम भागवता येतं. पूर्ण तपासणी करायची वेळ आली तर मोठ्या डिस्कला काही मिनिटं लागू शकतात. ती लागू द्या. एफएसटॅबच्या ओळीतला शेवटचा आकडा तपासणीचा असतो. मूळ विभागाला १, बाकीच्यांना २, आणि ० म्हणजे तपासायचंच नाही. लवकर सुरू व्हावं म्हणून तिथे ० लिहा, असा सल्ला तुम्हाला मिळेल. मी ते करत नाही. माझ्या डिस्कवर मुलांचे पहिले आलाप आहेत, ते परत कोणी गाऊन देणार नाही. तपासणी व्हावीच, फक्त तिने दार अडवू नये, आणि ते साधता येतं.

आता दुरुस्ती. आधी एफएसटॅबची प्रत काढून ठेवा. माझ्या डिस्कची ओळ अशी आहे (यात यूयूआयडी हा शब्द कॅपिटल अक्षरांत, बाकीचे शब्द लहान अक्षरांत):

यूयूआयडी=(तुमचा आकडा) /एमएनटी/ध्वनी ईएक्सटी४ डिफॉल्ट्स,नोफेल,एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट=१०एस ० २

ओळीत सहा रकाने आहेत. चौथ्या रकान्यात स्वल्पविरामांच्या आजूबाजूला मोकळी जागा सोडायची नाही. सगळी किमया "नोफेल" या शब्दाची आहे. तो नसेल तर डिस्क सक्तीची ठरते. ९० सेकंद थांबून ती आली नाही, की सिस्टमडी आणीबाणीच्या अवस्थेत जातो. रास्पबेरी पाय ओएसमध्ये रूटचं, म्हणजे सर्वाधिकार असलेलं, खातं बंद असल्यामुळे तिथून पुढेही जाता येत नाही. "नोफेल" असेल तर डिस्क नुसती हवीशी ठरते. ती शोधण्याचं, तपासण्याचं आणि जोडण्याचं काम बाजूला चालू राहतं, बाकीचा संगणक पुढे निघतो. दुसरा शब्द ९० सेकंदांची मुदत १० वर आणतो. तुमची डिस्क जड असेल, फिरायला वेळ घेत असेल, तर ३० ठेवा. फार कमी मुदत दिली तर धडधाकट डिस्कही वेळेत पोचत नाही आणि दिवसभर जोडलेली राहत नाही.

नेटवर्कवरची डिस्क असेल तर "नोफेल"सोबत "_नेटडेव्ह" लिहा, म्हणजे नेटवर्क येण्याआधी तिच्यासाठी धडपड होत नाही. कधीमधीच लागणाऱ्या डिस्कला "नोऑटो,एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट" ही जोडी द्या. कोणीतरी फोल्डर उघडेल तेव्हाच ती जोडली जाते.

"नोफेल"ची एक बाजू मला फार महत्त्वाची वाटते. डिस्क आली नाही, तरी ध्वनी नावाचं फोल्डर जागेवर असतंच. ते कार्डावरचं रिकामं फोल्डर असतं. रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅमला फरक कळत नाही, तो बिनधास्त तिथे लिहायला लागतो. कार्ड भरत जातं. पुढच्या वेळी डिस्क आली की ती त्या फोल्डरवर जोडली जाते आणि खालचं सगळं झाकलं जातं. फाइल हरवत नाहीत, पण दिसतही नाहीत, आणि कार्ड का भरलं ते कोणाला उमगत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरी लग्नाच्या व्हिडिओंची अशीच शोधाशोध झाली. डिस्क सोडवून (अनमाउंट करून) बघितल्यावर सगळे खाली निघाले.

यासाठी दोन गोष्टी करा. डिस्क सोडवा, फोल्डर खरंच रिकामं आहे ना ते बघा आणि त्यावर "सुडो सीएचएटीटीआर +आय" चालवा. आता त्या रिकाम्या फोल्डरमध्ये रूटलाही फाइल बनवता येत नाही. डिस्क मात्र त्यावर नेहमीसारखी जोडली जाते आणि डिस्कवर लिहिता येतं. दुसरी गोष्ट, रेकॉर्डिंगची सेवा "सिस्टमसीटीएल एडिट"ने उघडून तिच्या युनिट भागात "रिक्वायर्स-माउंट्स-फॉर" हे तिन्ही शब्द रेघा न देता सलग लिहा. प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर इथे कॅपिटल असतं. त्यापुढे बरोबरचं चिन्ह आणि फोल्डरचा पूर्ण पत्ता द्या. आता रेकॉर्डिंग डिस्कसाठी थांबतं, ती आली नाही तर सुरूच होत नाही. तानपुऱ्याच्या सेवेत अशी ओळ घालायची नाही.

लगेच रीस्टार्ट करू नका. "फाइंडएमएनटी --व्हेरिफाय" एफएसटॅबमधल्या चुका दाखवतो, त्या नीट करा. मग "सुडो सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड" आणि "सुडो माउंट -ए". काही तक्रार न येता डिस्क जोडली गेली तरच पुढे जा. इतकं करूनही संगणक अडकलाच, तर कार्ड दुसऱ्या पायला किंवा लिनक्सच्या संगणकाला कार्ड रीडरने लावा आणि जुनी प्रत परत ठेवा. विंडोजला फक्त बूट विभाग वाचता येतो, एफएसटॅब त्याला दिसत नाही.

शेवटी मुद्दाम डिस्क काढून संगणक सुरू करा आणि वेळ मोजा. तानपुरा लागला पाहिजे, रेकॉर्डिंगची सेवा बंद दिसली पाहिजे आणि नोंदीत १० सेकंदांनी डिस्क न आल्याची ओळ हवी. मग पाय नीट बंद करून डिस्क लावा, पुन्हा सुरू करा आणि "एलएसबीएलके"च्या शेवटच्या रकान्यात ध्वनी फोल्डरचं नाव आलंय का ते बघा.