लोरा सेन्सरचा डेटा मध्येच गायब होतो? या चुका टाळा

लागणीच्या वेळी रान मोकळं असतं, तेव्हा लोरा (कमी विजेत लांब पल्ल्याचा रेडिओ) सेन्सरचं जमिनीच्या ओलाव्याचं रीडिंग दर १५ मिनिटांनी बिनचूक येतं. ऊस डोक्यावर गेला की पॅकेट, म्हणजे रीडिंगचे छोटे रेडिओ संदेश, गळू लागतात. मग बहुतेक जण स्प्रेडिंग फॅक्टर (एसएफ; जितका जास्त, तितका संदेश हळू पण लांब जातो) ७ वरून थेट १२ करतात, आणि घोळ वाढतो. २० बाइटचं पॅकेट एसएफ ७ वर सुमारे ५७ मिलिसेकंद हवेत राहतं, एसएफ १२ वर तब्बल १.३ सेकंद. टकरी वाढतात, बॅटरीही लवकर बसते.

सेटिंगला हात लावण्याआधी गेटवेच्या (सगळ्या सेन्सरची पॅकेट गोळा करणाऱ्या यंत्राच्या) लॉगमध्ये फ्रेम काउंटर, म्हणजे पॅकेटचा क्रमांक, बघा. ४१, ४२, ४५ असे मधले आकडे सुटत असतील, तर पॅकेट हवेत हरवतंय. काउंटर पुन्हा पुन्हा शून्यावर येत असेल, तर नोड (शेतातला सेन्सरचा डबा) रीसेट होतोय आणि दुखणं बहुधा बॅटरीचं आहे. लिथियम थायोनिल क्लोराइड सेल फार काळ निष्क्रिय राहिला की आत थर जमतो. पाठवताना १०० मिलिअँपिअरच्या आसपास करंट ओढला की व्होल्टेज कोसळतं. सेलला समांतर सुपरकपॅसिटर लावा, त्याचं व्होल्टेज रेटिंग सेलपेक्षा जास्त हवं. एबीपी (नेटवर्कच्या चाव्या आधीच भरून ठेवलेल्या) नोडचा काउंटर फ्लॅशमध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, जपा, नाहीतर सर्व्हर ती पॅकेट जुनी समजून फेकून देतो.

पॅकेट हवेतच हरवत असेल, तर अँटेना उंच करा. ८६५ मेगाहर्ट्झला १ किलोमीटरच्या मध्यावर सरळ रेषेभोवती साधारण साडेपाच मीटर जागा मोकळी लागते. गेटवे १५ मीटरवर आणि नोडची अँटेना ४ मीटरच्या पाइपावर ठेवली, तर ३ मीटर उसावरून ती मिळते. ९१५ मेगाहर्ट्झच्या किटमधली अँटेना इथे चालवून घेऊ नका.

सगळे नोड ठीक ०, १५, ३० मिनिटांना बोलतात, हीसुद्धा नेहमीची चूक. प्रत्येकाला ० ते ६० सेकंदांचा यादृच्छिक उशीर द्या.

प्रत्येक पॅकेटला पोच मागणं तर आणखी महागात पडतं, कारण पोच पाठवताना साधा गेटवे बहिरा असतो, त्या वेळची बाकीची पॅकेट वाया जातात. पोच फक्त मोटर चालू-बंदसारख्या संदेशांना मागा. ओलाव्यासाठी प्रत्येक पॅकेटमध्ये मागची तीन रीडिंग जोडा: दोन बाइटचं एक, म्हणजे सहाच बाइट जास्त. सलग तीन पॅकेट हरवली तरी चौथ्यात सगळं हाती येतं.