कॅशबॅक कार्ड: जाहिरातीतला दर आणि आपल्या घरातला दर

ज्यांना क्रेडिट कार्डाचे बिल दर महिन्याला पूर्ण भरणे जमत नाही, त्यांनी कॅशबॅकचा, म्हणजे खर्चाचा काही टक्के भाग परत मिळण्याचा, विचार बाजूला ठेवून आधी थकबाकी फेडावी. दरमहा ३.७५ टक्के, म्हणजे वर्षाला ४५ टक्के व्याज हा कार्डांवर सर्रास दिसणारा दर आहे, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो. याची भरपाई करणारे रिवॉर्ड कोणतीही बँक देत नाही. कार्ड कसे निवडावे आणि वापरावे याचा पुढचा सगळा सल्ला बिल पूर्ण भरणाऱ्यांसाठी आहे.

सुरुवात मागील तीन महिन्यांच्या खर्चाच्या यादीने करावी. बँकेचे स्टेटमेंट आणि यूपीआयचा इतिहास समोर ठेवून किराणा, पेट्रोल, वीजबिल, विमा, शाळेची फी, ऑनलाइन खरेदी असे गट पाडले की अर्ध्या तासात हे काम होते.

त्यानंतर कॅशबॅक हवा की पॉइंट, म्हणजे खर्चावर मिळणारे आणि नंतर तिकिटे किंवा भेटवस्तूंसाठी वटवता येणारे गुण, हे ठरवावे. माझे मत स्पष्ट आहे: वर्षातून अनेकदा विमानप्रवास करणाऱ्यांनी पॉइंटच्या वाटेला जावे, इतरांनी सरळ रुपयांत परत मिळणारा कॅशबॅक घ्यावा. ‘दर १५० रुपयांना ४ पॉइंट’ हे वाक्य ऐकायला भरघोस वाटते. पण एका पॉइंटची किंमत २५ पैसे असेल तर १५० रुपयांवर १ रुपया मिळतो, म्हणजे ०.६७ टक्के. त्यातही २९० रुपयांच्या बिलावर केवळ १५० रुपयांचेच पॉइंट धरले जातात, वरचे १४० रुपये वाया जातात आणि दर आणखी घसरतो. शिवाय पॉइंट वटवण्याचे शुल्क, पॉइंटची मुदत आणि भेटवस्तूंच्या यादीतील फुगवलेल्या किमती आहेतच.

आता खरी अवघड पायरी. जाहिरातीत छापलेला ५ टक्के हा दर ठरावीक प्रकारच्या खर्चाला लागू असतो आणि आपल्या घरखर्चाचा मोठा भाग त्या प्रकारात बसत नाही. पेट्रोल, विम्याचा हप्ता, घरभाडे, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, सरकारी भरणा, वीजबिल, शिक्षणाची फी, दागिने यांपैकी बऱ्याच गोष्टी बहुतेक कॅशबॅक कार्डांच्या वगळलेल्या यादीत सापडतात. ही यादी जाहिरातीच्या पानावर नसते. ती अटी-शर्तींच्या पत्रकात, बारीक अक्षरांत असते. मी कार्डाचे नाव ऐकले की आधी ती यादी उघडतो आणि आकर्षक दर नंतर पाहतो. हा क्रम उलटा केला की हिशेब हमखास चुकतो.

एक उदाहरण घेऊ. एका कुटुंबाचा कार्डावरचा मासिक खर्च ४०,००० रुपये आहे: शाळेची फी ९,०००, विमा ५,०००, पेट्रोल ४,०००, वीज आणि गॅस ४,०००, दुकानातील किराणा १०,००० आणि ऑनलाइन खरेदी ८,०००. कार्ड ऑनलाइन खरेदीवर ५ टक्के, इतरत्र १ टक्का देते आणि फी, विमा, पेट्रोल व घरगुती बिले वगळते. ऑनलाइन खरेदीचे ४०० आणि किराण्याचे १०० मिळून महिन्याला ५०० रुपये, वर्षाला ६,००० रुपये. त्यातून ९९९ रुपये वार्षिक शुल्क आणि त्यावरचा जीएसटी, म्हणजे सुमारे १,१७९ रुपये वजा केले की ४,८२१ रुपये उरतात. वर्षभराच्या ४,८०,००० रुपयांच्या खर्चावर हा दर १ टक्का पडतो. कार्ड वाईट आहे असा याचा अर्थ नाही. पाच टक्क्यांच्या भरवशावर घरातील खर्च वाढवू नये, एवढे मात्र यावरून ठरते. याच कुटुंबाने एकदा किमान रक्कम म्हणून २,००० रुपयेच भरले, तर उरलेल्या ३८,००० रुपयांवर एका महिन्याचे व्याज १,४२५ रुपये आणि जीएसटी धरून सुमारे १,६८० रुपये होते. वर्षाच्या कमाईचा तिसरा हिस्सा तिथेच गेला. व्याज खरेदीच्या तारखेपासून मोजले जाते आणि थकबाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही मिळत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष फटका याहून मोठा असतो.

वगळलेल्या यादीनंतर कॅशबॅकची कमाल मर्यादा पाहावी. महिन्याला १,००० रुपयांची मर्यादा असलेल्या ५ टक्क्यांच्या कार्डावर २०,००० रुपयांच्या खरेदीनंतर काहीच मिळत नाही. दिवाळीत ६०,००० रुपयांचा फोन अशा कार्डावर घेतला तर परतावा १.६७ टक्क्यांवर येतो. ‘मोठी खरेदी याच कार्डावर करा’ असा सल्ला देणारे ही मर्यादा क्वचितच सांगतात.

या पायरीत आणखी एक गुंता आहे आणि तो पत्रक वाचूनही सुटत नाही. एखादा खर्च किराणा मानायचा की हॉटेल, हे आपण काय विकत घेतले यावर ठरत नाही. दुकानाच्या कार्ड-यंत्राला लावलेल्या चार अंकी व्यवसाय-संकेतांकावर ठरते. सुपरमार्केटचा संकेतांक ५४११, पेट्रोलपंपाचा ५५४१, विम्याचा ६३००, दागिन्यांच्या दुकानाचा ५९४४. हा संकेतांक दुकानदाराला यंत्र देणारी बँक ठरवते, आपल्याला कार्ड देणारी बँक नव्हे. माझ्या नेहमीच्या मिठाईच्या दुकानातील यंत्र हॉटेलच्या वर्गात नोंदलेले आहे आणि शेजारच्या फरसाणवाल्याचे किराण्यात. ग्राहकसेवेशी वाद घालून यात फरक पडत नाही, कारण समोरची व्यक्ती पडद्यावर दिसणारा संकेतांकच वाचून दाखवते. म्हणून नियमित खर्चाच्या प्रत्येक ठिकाणी आधी एक लहान व्यवहार करावा, त्यावर कॅशबॅक जमा होतो का ते पाहावे आणि मगच मोठा खर्च तिकडे वळवावा. महागड्या खरेदीनंतर ही चौकशी करण्यात काही अर्थ नाही.

अर्ज, केवायसी आणि कार्ड सुरू करणे यांत सांगण्यासारखे काही नाही. फक्त कार्ड ‘आजीवन मोफत’ आहे, एवढ्याच कारणाने ते घेऊ नये. दोनपेक्षा जास्त कार्डे सामान्य घराला लागत नाहीत.

कार्ड हाती आल्यावर ऑटो डेबिट लावावे आणि त्यात ‘संपूर्ण देय रक्कम’ हाच पर्याय निवडावा. त्याच अर्जात ‘किमान देय रक्कम’ असाही पर्याय असतो आणि तो चुकून निवडलेले लोक मला वारंवार भेटतात. स्टेटमेंटची तारीख पगाराच्या तारखेशी जुळत नसेल तर बदलून घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार ही सोय ग्राहकाला किमान एकदा द्यावी लागते. स्टेटमेंट ५ तारखेला आणि भरणा २५ तारखेला असेल, तर ६ जूनच्या खरेदीचे पैसे २५ जुलैला द्यावे लागतात. मोठ्या खरेदीसाठी स्टेटमेंटनंतरचा दिवस निवडण्याचे कारण एवढेच.

वापरताना काही गोष्टींवर लक्ष ठेवावे. परत केलेल्या वस्तूचा कॅशबॅक कापला जातो आणि हप्त्यांत बदललेल्या खरेदीवर तो बहुधा मिळतच नाही. ‘नो कॉस्ट’, म्हणजे बिनव्याजी म्हणवल्या जाणाऱ्या, हप्त्यांत व्याजाइतकी सूट दिली जात असली तरी व्याजावरचा जीएसटी आणि प्रक्रिया-शुल्क ग्राहकाकडेच येते. पेट्रोलवरील १ टक्का सरचार्जची माफी हा कॅशबॅक नव्हे. आधी लावलेले शुल्क परत केले जाते, इतकेच. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून दुकानातील क्यूआरवर वापरता येते, पण अशा व्यवहारांसाठी काही कार्डांचा दर वेगळा आणि कमी असतो. एटीएममधून कार्डाने रोख कधीही काढू नये. त्यावर बिनव्याजी मुदत नसते, शुल्क मात्र लगेच लागते. ठरावीक खर्चाचा टप्पा गाठल्यावर मिळणाऱ्या व्हाउचरसाठी नको असलेली खरेदी करणाऱ्यांना मी समजावणे सोडून दिले आहे.

वर्षाचे शुल्क आकारले जाण्याच्या महिनाभर आधी वरचा हिशेब नव्याने मांडावा, कारण बँका वगळलेल्या याद्या आणि मर्यादा अधूनमधून बदलत असतात. शुल्क माफ होण्यासाठी लागणाऱ्या खर्चात कोणते व्यवहार धरले जात नाहीत, तेही त्याच वेळी पाहावे. शुल्क वजा जाऊन फारसे उरत नसेल तर उरलेले पॉइंट वापरून टाकावेत, सर्व रक्कम चुकती करावी आणि कार्ड बंद करण्याची विनंती लेखी द्यावी. देणे बाकी नसल्यास बँकेने सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद करायचे असते. त्याहून उशीर झाल्यास दर दिवसाला ५०० रुपये दंड ग्राहकाला देण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत आहे. ‘थांबा, आम्ही शुल्क माफ करतो’ असा फोन त्या सात दिवसांत येऊ शकतो. माफी लेखी मिळाली तर थांबायला हरकत नाही, तोंडी आश्वासनावर थांबू नये.